लगीनघाई

त्यांनी माझ्या कागदावर ग्लास ठेवला.

झालं एवढंच. दुसऱ्या कुणी ऐकलं तर म्हणेल, बरं मग? पण मला ते तीन आठवडे टोचत राहिलं. आयर्लंडमधल्या एनिस गावच्या एका पबातली गुरुवारची रात्र होती. लिमरिकहून जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता, पण पाऊस असा की गाडीचे वायपर एकदाही बंद करता आले नाहीत. आत शिरलं की ओल्या लोकरीचा, तळलेल्या बटाट्यांचा आणि सांडून वाळलेल्या बियरचा वास एकदम अंगावर येतो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसं गोल करून बसलेली: चार फिडल, एक लाकडी बासरी, एक कॉन्सर्टिना (हातात मावणारी, भात्याची छोटी पेटी) आणि पाठीशी हळूच ठेका धरणारा एक गिटारवाला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. वाद्यात काडीचा फरक नाही, वाजवणाऱ्याच्या बसण्यात आणि मनात असतो तेवढाच. त्या चारातलं एक फिडल माझं. माझ्यासमोर टेबलावर दोन पानं, घरच्या प्रिंटरवर काढलेली, नोटेशनची. आणि डावीकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, ज्यांना मी मनातल्या मनात काका म्हणते. तोंडावर म्हणायची सोय नाही, तिथे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात. मी एक प्रश्न विचारला, काकांनी माझ्याकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि ग्लास शांतपणे माझ्या पानावर ठेवला. थंड काचेवरचं पाणी कागदात उतरलं, इंकजेटची शाई फुटली, आणि पुढची सुरावट सुरू झाली.

मी विचारलं होतं, "यातलं मूळ कोणतं?"

वाजत होती ती 'हेस्ट टू द वेडिंग' नावाची जिग, म्हणजे नाचाची एक चाल. शब्दशः 'लग्नाकडे त्वरा', पण हे भाषांतर करायचं कारणच नाही, आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द पडलेला आहे: लगीनघाई. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मी एकटीच हसले होते. आयर्लंडला येऊन सहा वर्षं झाली होती, पेटीतलं व्हायोलिन सहाही वर्षं कपाटावर होतं, आणि ते खाली काढायला लावलं ते या नावानं. चाल अगदी सोपी. दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्रागटांचा, दोन्ही दोन-दोनदा, म्हणजे एक फेरी बत्तिसाची. 'डी'ला षड्ज मानलं तर सगळे स्वर शुद्ध, बिलावलच. मी माझ्या वहीत सुरुवात लिहून ठेवली आहे: 'प ग प प म ग, रे सा रे ग सा ध', त्यात पंचमावरून झेप थेट तार मध्यमावर आणि मग पायऱ्या उतरत खाली. त्या झेपेतच सगळी गंमत आहे. कुणीतरी उंबऱ्यावरून अंगणात उडी मारून धावत सुटल्यासारखी. दुसरा भाग तर वरच्या वरच बागडतो. आणि ताल? सहाचा. तीन-तीनचे दोन गट, पहिल्यावर आणि चौथ्यावर वजन. एनिसच्या पबात पहिल्यांदा ऐकताना माझा उजवा हात टेबलाखाली मांडीवर 'धा धी ना, धा ती ना' वाजवत होता. दादरा. अंगात लहानपणापासून मुरलेला, पण इथे नवीन बूट घालून आलेला.

माझी ही सवय आत्यामुळे. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ तिचं घर, दारातून आत जाताना वाळत घातलेले भोपळे दिसायचे आणि लाकडाच्या भुशात मिसळलेला पॉलिशचा वास यायचा. आत्या व्हायोलिन वाजवायची आणि शिकवायची. खाली चटईवर मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून, मागची बाजू छातीशी. मीही तशीच शिकले. सा-प-सा-प असं लावलेलं वाद्य, गळ्यातून निघावा तसा स्वर, मींड लांब. पहिलं वर्षभर नुसते पलटे. आत्याकडे प्रत्येक बंदिशीला जन्मदाखला असायचा. ही अमक्या घराण्याची, ही तमक्या बुवांनी अशी म्हटली, यात हा निषाद असाच लागतो, वेगळा लावलास तर ती ही बंदिश नव्हेच. माझ्याकडून एकदा एक मुखडा जरा बदलून वाजला तर तिनं गज हातातून काढून घेतला होता. रागानं नव्हे. फोडणी जळायला लागली की आपण गॅस बंद करतो, तसा.

तेव्हा मूळ कोणतं हा प्रश्न माझ्या हाडातला आहे.

त्या रात्री असं झालं होतं की टेबलाला दोन पाहुणे होते. एक अमेरिकेतल्या व्हरमाँटहून सुट्टीवर आलेल्या बाई, साठीच्या, आणि एक ग्लासगोचा तरुण. जिग सुरू केली काकांनी. पहिली फेरी त्यांचीच. क्लेअर परगण्याचं वाजवणं मुळात निवांत, त्यात काका म्हणजे जेवून उठलेल्या माणसासारखे. गज फार उचलत नाहीत, तिनातला पहिला स्वर किंचित रेंगाळतो, दुसरा चोरटा, तिसरा पुढच्याला ढकलतो. मधूनच एका स्वराला वरच्या स्वराचा टिचका. इथे त्याला 'कट' म्हणतात, मी त्याला कण म्हणते. आणि 'रोल' म्हणजे एका स्वराभोवती वर-खाली जाऊन परत येणं, त्याला आत्या नक्की मुरकी म्हणाली असती आणि लगेच "पण कच्ची" असंही म्हणाली असती. दुसऱ्या फेरीत व्हरमाँटच्या बाई वर आल्या. त्यांचं वाजवणं सरळ, उसळतं, आठ मात्रागट संपले की तिथे स्वच्छ कोपरा. त्या कॉन्ट्रा नाचासाठी वाजवतात. समोरासमोर दोन लांब रांगा, चालीच्या प्रत्येक वळणाला पावलांची नवी आकृती. नाचणाऱ्याला वळण कुठे आलं ते कानानं कळायला हवं, म्हणून सुराला कोपरा हवाच. आणि ग्लासगोच्या मुलाचा गज स्वरांना टोक काढत होता: पहिला लांब, दुसरा अगदी आखूड, जणू कुणी टाच आपटून चाललंय. तिसऱ्या मात्रागटात तर तिघांचे तीन वेगळे स्वर एकाच वेळी वाजले. मी आत्याच्या तालमीतली, मला घाम फुटला. त्या तिघांना काही वाटलंच नाही. उलट फेरी संपल्यावर तिघं एकमेकांकडे बघून असे हसले की जणू एकाच गावातली तीन माणसं परगावच्या स्टेशनवर भेटली.

मग व्हरमाँटच्या बाई म्हणाल्या, ही आमच्याकडची फार जुनी चाल. ग्लासगोचा म्हणाला, आमच्या 'केली'त, म्हणजे गावाच्या नाचाच्या मेळाव्यात, लहानपणापासून नाचलोय मी यावर. काका काहीच म्हणाले नाहीत. आणि मी, माझी दोन छापील पानं समोर ठेवून, विचारलं. त्यावर तो ग्लास.

घरी येताना गाडीत मी स्वतःशी भांडत होते. हा अपमान होता का? कागद बघून वाजवणाऱ्या बाईला दिलेला दम? या मंडळींत कागद आणणं म्हणजे पंगतीत घरचा डबा उघडण्यासारखं आहे, हे मला ठाऊक होतं. ऐकून उचलायचं, तीनदा ऐका, चौथ्यांदा वाजवा. पण ऐकून उचलायला मला कमी पडत नाही, कागद मी चुकू नये म्हणून आणला होता. चुकू नये, हाच तर संस्कार. रात्री एक वाजता, ओलं जॅकेट हीटरवर टाकून, चिडून मी शोधत बसले. ठीक आहे, तुम्ही सांगत नाही तर मी शोधते मूळ.

आणि मूळ शोधायला गेलं की जे होतं ते झालं. आयरिश म्हणून मी जिच्यामागे लागले होते, तिचं हे नाव जातं लंडनच्या रंगभूमीवर. १७६७ साली ड्रुरी लेन थिएटरात 'द इलोपमेंट' नावाची पँटोमाइम, म्हणजे नाचगाण्यांची नाटिका, झाली, त्यात 'लग्नाला चला, मित्रांनो, शेजाऱ्यांनो' अशा अर्थाचं गाणं होतं, ते या चालीवर. शब्द गळून गेले, चाल उरली. अमेरिकेत तिला 'रूरल फेलिसिटी' म्हणजे ग्रामसुख असं भारदस्त नाव मिळालं, कुठे ती 'कॅरिकफर्गस' झाली, कुठे 'स्मॉल पिन कुशन', टाचण्या खोचायची छोटी गादी! इंग्लंडच्या खेड्यांत मॉरिस नाचणारे रुमाल उडवत तिच्यावर नाचतात. आयर्लंडच्या केलीत याच नावाचा एक सबंध नाच आहे. समुद्र ओलांडून ती कॅनडात गेली, प्रिन्स एडवर्ड बेटावर गेली. गंमत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगरांत एकूण जिगच फारशा टिकल्या नाहीत, तिथल्या फिडलवाल्यांना दोनाची धावती लय आवडली, तिनाचं झुलणं उत्तरेकडे आणि कॅनडात राहिलं. असं का, याला एकच एक उत्तर नाही, पण मला ते ऐकून बरं वाटलं. लयीलाही हवामान मानवावं लागतं.

छापणाऱ्यांनी तरी कुठे हद्द पाळली? ग्लासगोच्या जेम्स एअर्डनं १७८२ पासून चालींचे संग्रह काढले, त्यांच्या नावातच 'स्कॉच, इंग्लिश, आयरिश आणि परदेशी' अशी भेळ आहे. आयरिश चालींचा सगळ्यात मान्यवर ग्रंथ निघाला तो १९०३ साली, १८५० चालींचा, आणि तोही शिकागोत. काढणारे फ्रान्सिस ओ'नील तिथल्या पोलिसांचे प्रमुख. ते बासरी वाजवत पण त्यांना नोटेशन लिहिता येत नसे, मग खात्यातल्याच जेम्स ओ'नील नावाच्या सार्जंटला समोर बसवून ते चाली गाऊन, वाजवून दाखवत आणि तो लिहून घेई. पोलीस चौकीत पंचनामा लिहावा तशी लिहिली गेलेली ही गाणी आज आम्ही 'अस्सल' म्हणून छापून आणतो. फार काय, पबात गोल करून बसायची ही रीतसुद्धा रुजली ती लंडनमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामावर राबायला गेलेल्या आयरिश मजुरांमध्ये.

आणि आम्ही तरी? ज्या वाद्यावर बसून मी शुद्ध-अशुद्ध ठरवते, ते तर मद्रासच्या गोऱ्यांकडून कर्नाटक संगीतातल्या बालुस्वामी दीक्षितरांनी उचललं आणि सरळ मांडी घालून बसवलं. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी दरबारी पाश्चात्त्य बँड बाळगला होता. बालुस्वामींचे थोरले बंधू मुथुस्वामी (१७७५–१८३५) यांनी तर बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले, 'गॉड सेव्ह द किंग'च्या चालीवर 'संततं पाहि मां'. त्यांना कुणी विचारलं नसेल, मूळ कोणतं म्हणून. की विचारलं असेल? कुणीतरी माझ्यासारखी असणारच त्या गर्दीत, हातात ताडपत्र घेऊन.

पण खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप लागली नाही ती या सगळ्यामुळे नव्हे. 'द इलोपमेंट'मुळे.

इलोपमेंट म्हणजे पळून जाऊन लग्न. म्हणजे ती घाई हौसेची नव्हती, धाकाची होती. आणि मला आत्या दिसली. १९७६ साली आत्या पळून गेली होती. मिरज ते कोल्हापूर एस. टी., कोल्हापुरात रजिस्टर लग्न, साक्षीला मामांचे दोन मित्र (आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणतो, तेवढं एक आमच्याकडे वेगळंच), अंगावरची साडी आणि हातात व्हायोलिनची पेटी. आजोबा चार वर्षं बोलले नाहीत. नंतर सगळं सुरळीत झालं, इतकं की आजोबांचं शेवटचं दुखणं आत्यानंच काढलं. ही गोष्ट घरात कधी लपवली गेली नाही, उलट दर दिवाळीला तिखट-मीठ लावून सांगितली जायची. आत्या स्वतःच सांगायची, एस. टी.त शेजारी बसलेल्या बाईंनी "पोरी, परीक्षेला चाललीस का?" असं विचारलं, आणि ही म्हणाली, हो, तोंडी आहे. आम्ही पोटं धरून हसायचो. फक्त शेवटी ती एक वाक्य बोलायची, त्याला आम्ही कुणी हसत नसू आणि ते कुणाला लक्षातही राहत नसे: "सगळं झालं गं, वाजंत्री तेवढी वाजली नाही." ज्या घरात दिवसभर वाद्यं वाजतात त्या घरातल्या मुलीच्या लग्नात एक सुंद्रीसुद्धा, ती छोटी सनईसुद्धा, वाजली नाही. मी हे वाक्य निदान वीस वेळा ऐकलं असेल. एनिसहून परतल्यावर रात्री दोन वाजता ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

आपल्याकडे लग्नात 'सावधान' म्हणतात. समर्थ रामदास तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळाले, हे आपण शाळेत शिकतो. आणि इकडे हे लोक म्हणतात, चला, उठा, घाई करा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, या म्हणीतही आपण घाईलाच हसतो. मला वाटायचं जिग जलद वाजवायची ती या घाईसाठी. नाचाला लागते ती लय मिनिटाला ११५-१२० पावलांची, मी घरी सराव करताना त्याच्याही पुढे जायची, आणि काकांबरोबर वाजवायला बसले की माझं वाजवणं सगळ्यांच्या दोन पावलं पुढे, दारात जाऊन उभं. काकांच्या वाजवण्यात घाई नव्हतीच. त्यात होतं ते घाई संपल्यानंतरचं काहीतरी. सगळं उरकून, पोचून, आता बसलोय, अशी लय.

मधल्या काळात एक लहानशी गोष्ट घडली. नवऱ्याकडचं घर मडगावचं, तिथल्या एका लग्नाचा व्हिडिओ फोनवर आला. म्हातारी मंडळी दुलपद म्हणत होती, म्हणजे गोव्याकडची नाचरी गाणी, घुमट नावाच्या मातीच्या वाद्याच्या ठोक्यावर, आणि मागे एक व्हायोलिन. सहाचाच झुलता ठेका. मी तो व्हिडिओ चालू ठेवून त्यावर 'लगीनघाई' वाजवून पाहिली. बसली. चपखल नव्हे, कारण मी ठेक्याच्या पुढे पळत होते, पण बसली. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "हे आमचंच वाजवतेयस ना?" मी म्हटलं, हो.

तीन आठवड्यांनी पुन्हा एनिसला गेले. कागद नेला नाही. मुद्दाम काकांच्या उजवीकडेच बसले आणि संध्याकाळभर, वाजवायचं सोडून, त्यांच्या ग्लासावर नजर ठेवली. पहिला ग्लास त्यांनी ठेवला गिटारवाल्याच्या मोबाइलवर. त्यानं सवयीनं मोबाइल काढून पुसला. दुसऱ्यांदा स्वतःच्याच राळेच्या फडक्यावर. मग कुणाच्या तरी टोपीवर, मग बिलावर. पबवाल्यांनी दिलेला पुठ्ठ्याचा गोल त्यांच्या समोर पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरडा पडून होता. म्हणजे तीन आठवडे मी ज्याला उत्तर समजले, अपमान समजले, एकदा तर उपदेश समजून गहिवरलेसुद्धा, ती एका म्हाताऱ्या माणसाची ग्लास मिळेल तिथे ठेवायची खोड होती. त्यांनी माझा प्रश्न ऐकला होता की नाही, देव जाणे. डाव्या कानाला यंत्र आहे, ते मला त्या दिवशी दिसलं, आणि पबच्या गोंगाटात ते बंद करून ठेवतात हे बासरीवालीनं नंतर सांगितलं.

त्या रात्री 'लगीनघाई' मी सुरू केली. सगळ्यांनी उचलली. तिसऱ्या मात्रागटात माझ्याकडून तार गांधारावरून षड्जावर एक मींड गेली, नको तेवढी लांब, चटईवरची. कुणी थांबलं नाही. पुढच्या फेरीत मी ती घेतली नाही, पण शेजारी काकांच्या गजानं त्या जागी काहीतरी केलं. मींड नव्हे, स्वर जरासा खालून आला, इतकंच. माझ्याकडे न बघता.

तो जुना कागद वाळून कडक झालाय. डाग बरोबर तिसऱ्या मात्रागटावर पडला असता तर लिहायला फार बरं झालं असतं, पण तो पडलाय तळाशी, पान नंबराच्या शेजारी, जिथे काहीच छापलेलं नव्हतं. फुटली ती शाई फक्त एकाची. 'पान २ पैकी १' मधला १.

गेल्या रविवारी मिरजेला फोन लावला. इथले सकाळचे दहा, तिथले दुपारचे साडेतीन, आत्याची झोप झालेली, चहा व्हायचा होता. हल्ली तिच्या बोटांना सूज असते, व्हायोलिन तिनं एका विद्यार्थिनीला देऊन टाकलंय. फोन समोरच्या फळीवर टेकवून मी खाली चटईवर बसले आणि वाजवायला लागले. स्क्रीनवर तिचा अर्धाच चेहरा, एक कान आणि चष्म्याची काडी. दुसऱ्या भागात पलीकडून आवाज यायला लागला, चहाच्या डब्याच्या झाकणावर बोटं. धा धी ना, धा ती ना.

"दादराच की गं," ती म्हणाली. "पण सुटतेयस. एस. टी. चुकणारेय का तुझी?"

मी हसले. तिनं विचारलं, कुठल्या नाटकातलं? म्हटलं, आहे एक, नाटकाचं नाव 'पळून जाणं', आणि या पदाचं नाव लगीनघाई. लंडनचं की आयर्लंडचं की अमेरिकेचं, ते नक्की नाही. मला वाटलं आता ती विचारेल, मग मूळ कुणाचं, शुद्ध पाठ कोणता. ती काही बोलली नाही. स्क्रीनवरचा कान हलला, छत दिसलं, पंखा दिसला, मग पुन्हा ती, या वेळी पूर्ण.

"परत घे," म्हणाली. "पहिल्यापासून. आणि थांब जरा, पदर नीट करू दे."